फोटोतून पुसलेला चरा: तुमच्या एका ताऱ्याच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. लगेच उत्तर दिलं नाही, कारण आधी तुमच्या सुरीच्या मूळ फाईल उघडून बघायच्या होत्या. त्या बघून झाल्या, दादाशी बोलणं झालं, आता लिहिते.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मुलाला हॉटेल मॅनेजमेंटला प्रवेश मिळाला म्हणून ताईंनी आमच्याकडून १८० मिमी पात्याची दमास्कस शेफ सुरी घेतली (दमास्कस म्हणजे दोन पोलादांचे थर एकजीव करून घडवलेलं, लाटांची नक्षी असलेलं पातं). त्यांचं म्हणणं असं: फोटोत पात्यावर काळ्या-रुपेरी लाटा ठसठशीत होत्या, हातात आली ती करडी सुरी. मूठ फोटोत लालसर, प्रत्यक्षात तपकिरी. लिंबू कापल्यावर नक्षी फिकी पडली, म्हणजे ती रंगवलेली असणार. आणि टाचेजवळ, म्हणजे मुठीला लागून धार जिथे संपते तिथे, बोटभर चरा आहे. तो फोटोत कुठेच नाही, तेव्हा वापरलेली सुरी पाठवली असावी. शेवटचं वाक्य होतं, "सगळं फोटोशॉप आहे, ही फसवणूक आहे."

आमच्याकडे सुऱ्या दादा घडवतो. फोटो, एडिटिंग आणि ऑर्डरी मी बघते. त्यामुळे खाली जी चूक सांगतेय ती माझी आहे, दादाची नाही.

चऱ्यापासून सुरुवात करते. सुरी वापरलेली नव्हती. पण चरा होता. रॉ फाईलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या, काहीही न बदललेल्या मूळ फाईलमध्ये तो स्पष्ट दिसतो, आणि आमच्या ऑनलाइन दुकानावर टाकलेल्या फोटोत तो नाही, कारण मी तो पुसला.

कसा पुसला गेला तेही सांगते. मॅक्रो लेन्सने जवळून फोटो काढला की पात्यावर डोळ्यांना न दिसणारं सगळं दिसायला लागतं. कापसाचा तंतू, तेलाचा ठिपका, पुसताना उमटलेला बोटाचा ठसा, हवेतली धूळ. फुंकणीने कितीही उडवलं तरी राहतंच. ते मी एडिट करताना हीलिंग ब्रशने एकेक करून काढते. एका फोटोला कधी दीडशे-दोनशे ठिपके निघतात. तुमच्या सुरीच्या वेळी मी त्याच ओघात टाचेजवळच्या रेघेवरूनही ब्रश फिरवला. ती धूळ नाही हे मला त्या क्षणी कळलं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. रेघ सरळ होती, पात्याच्या लांबीने जाणारी होती. मोठ्या स्क्रीनवर बघणाऱ्याला ती कशाची आहे हे कळतं.

ती १२० नंबरच्या पॉलिश पेपरची होती (नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत). दादा पातं हाताने घासतो, १२० पासून ६०० पर्यंत, आणि जाड पेपरचा एखादा ओरखडा मागे राहिला तर घासलेल्या चकाकीत तो लपून बसतो. नक्षी उठवण्यासाठी पातं फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवून काढलं की मात्र तो उठून दिसतो. म्हणजे दादाच्या नजरेतून सुटलेली गोष्ट माझ्या कॅमेऱ्याने पकडली होती. मी तेव्हाच हाक मारली असती तर त्याने ती बाजू पुन्हा घासून, पुन्हा द्रावणात काढून दिली असती. अर्ध्या दिवसाचं काम. रविवारी रात्री त्याला रॉ फाईल दाखवली तेव्हा तो तुमच्या रिव्ह्यूवर नाही, माझ्यावर रागावला, आणि बरोबर रागावला.

याहून वाईट एक गोष्ट आहे, ती तुम्ही लिहिलेली नाही, पण मीच सांगायला हवी. हीलिंग ब्रश डाग नुसता काढून टाकत नाही. तो शेजारचा भाग उचलून त्या जागी बसवतो. साध्या पात्यावर यात चकाकीचा तुकडा बदलतो. दमास्कसच्या पात्यावर नक्षी बदलते. म्हणजे दुकानावरच्या फोटोत टाचेजवळ ज्या दोन लाटा दिसतात त्या दादाने घणाखाली घडवलेल्याच नाहीत, त्या पोलादात नाहीतच. जी वस्तू हाताने घडवलेली म्हणून आपण विकतो, तिच्या अंगावर संगणकाने केलेली नक्षी मी दाखवली. तुम्ही "फसवणूक" हा शब्द वापरलात. त्या बोटभर जागेपुरता तो मी नाकारत नाही.

आता उरलेल्या पात्याबद्दल. इथे माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, आणि ते सविस्तर सांगावं लागेल.

घासलेल्या पोलादाला स्वतःचा असा रंग जवळजवळ नसतो. ते समोर जे असेल ते दाखवतं, आरशासारखं. त्यामुळे सुरीचा फोटो म्हणजे बऱ्याच अंशी सुरीसमोर काय धरलं होतं त्याचा फोटो. मी उत्तरेच्या खिडकीपाशी टेबल लावते, खिडकीला ट्रेसिंग पेपर, दुसऱ्या बाजूला पांढरी थर्मोकोल शीट, आणि धारेची कड पार्श्वभूमीत विरघळू नये म्हणून एक काळं कार्डशीट. (मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य आमच्या कऱ्हाडच्या उत्तरेकडून जातो, तेव्हा या खिडकीतही ऊन येतं आणि ढगांची वाट बघावी लागते.) थर्मोकोल दोन बोटं इकडे सरकवलं तरी पात्याचा चेहरा बदलतो.

दमास्कसमध्ये हे आणखी गुंतागुंतीचं होतं. दादा दोन पोलादं वापरतो. एक १०८४, साधं कार्बन पोलाद. दुसरं १५एन२०, ज्यात सुमारे दोन टक्के निकेल असतं. दोन्हींचे थर भट्टीत तापवून, घणाखाली एकजीव करून, पिळून, पुन्हा ठोकून पातं होतं. पाणी देऊन (म्हणजे तापलेलं पातं एकदम थंड करून कडक करून), घासून झालं की ते फेरिक क्लोराइडमध्ये बुडवतात. कार्बन पोलाद तिथे खाल्लं जातं आणि त्यावर काळसर, चमक नसलेला थर बसतो. निकेलवालं टिकून राहतं, चकचकीतच राहतं. म्हणजे काळ्या लाटा मॅट आणि रुपेरी लाटा आरसा.

आरशासमोर पांढरं थर्मोकोल असेल तर रुपेरी लाटा लख्ख दिसतात, काळ्या काळ्याच राहतात, नक्षी उठते. पण आरशासमोर अंधार असेल तर? रुपेरी लाटा अंधार दाखवतात, मॅट भागावर मात्र आजूबाजूचा उजेड पसरतो, आणि दोन्ही करडे होऊन एकमेकांत मिसळतात. कधी तर उलटं होतं, रुपेरी लाटा काळ्यांपेक्षा गडद दिसतात. तुम्ही रिव्ह्यूसोबत टाकलेला फोटो ओट्याजवळ, वरून काढलेला आहे, ट्यूबलाइट मागे आहे. त्या पात्यासमोर तुमचा फोन आणि वरचं अंधारं छत आहे. तो फोटो खोटा नाही. सुरी तशी दिसते. एकदा ती दिवसा खिडकीपाशी नेऊन, पातं हळूहळू तिरकं करत बघा, एका ठिकाणी सगळ्या लाटा एकदम पेटल्यासारख्या दिसतील.

पण हे तुम्हाला सुरी घेतल्यावर कळावं, हे मला मान्य नाही. स्वयंपाकघरात सुरी बहुतेक वेळ ट्यूबलाइटखालीच असते, आणि मी दुकानावर फक्त ती पेटणारी एक जागा दाखवली. वर लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लॅरिटी +३० केली होती, हेही फाईलमध्ये नोंदलेलं आहे. क्लॅरिटीने काळं अधिक काळं आणि रुपेरी अधिक रुपेरी होतं. थर्मोकोल बरोबर लावल्यावर त्याची गरजच नव्हती. आजूबाजूच्या दुकानांचे फोटो बघून हळूहळू मीही तो आकडा वाढवत गेले होते. वर्षभरापूर्वीच्या फाईलमध्ये तो +१० आहे.

नक्षी रंगवलेली किंवा छापलेली नाही, हे मात्र ठामपणे सांगते. तुमचा संशय रास्त आहे, कारण स्टेनलेसवर लेसरने लाटा छापून दमास्कस म्हणून विकणारे आहेत. सुरीची पाठ बघा, धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड. तिथेही थरांच्या बारीक रेघा लांबीने जाताना दिसतील. छापील नक्षी पात्याच्या दोन अंगांवर असते, पाठीवर थर दिसत नाहीत. लिंबामुळे फिकी पडली ती त्या काळसर थराची वरची साय. आंबटाने ती विरघळते. नक्षी खाली पोलादातच आहे, पातं पुन्हा द्रावणात बुडवलं की परत येते. हल्ली दादा शेवटी कडक काळ्या इन्स्टंट कॉफीत काही तास पातं बुडवून ठेवतो, त्याने काळा थर अधिक गडद आणि चिवट बसतो. तुमची सुरी त्याआधीची आहे. आंबट कापल्यावर लगेच धुऊन कोरडी करावी, ही ओळ आमच्या माहितीत होती, पण अगदी तळाशी. आता ती किमतीच्या वर आहे.

मुठीचं शिसम. फोटो काढला त्या दिवशी जवसाच्या तेलाचा हात नुकताच दिला होता, लाकूड ओलसर होतं, म्हणून रंग चढलेला दिसला. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतले रंग खरे दिसावेत म्हणून करायची जुळणी, ग्रे कार्डवरून (ठरावीक करड्या रंगाच्या कार्डावरून) घेतला होता, तो बरोबर होता. चूक घाईची होती, तेल वाळायला दोन-तीन दिवस द्यायला हवे होते. आता देते.

गेल्या दोन रात्री बसून दुकानावरच्या ३१ सुऱ्यांच्या रॉ फाईल एडिट केलेल्या फोटोंशेजारी लावून बघितल्या. आणखी तीन ठिकाणी मी धुळीबरोबर पोलादावरचं काहीतरी काढलेलं सापडलं: एकीवर पाठीजवळ खड्डा, एकीवर पाणी देताना राहिलेला काळा डाग, एकीवर मुठीच्या रिव्हेटपाशी ओरखडा. तीनपैकी दोन विकल्या गेल्यात. दोघांनाही फोन केला. एकांनी सुरी परत पाठवली आहे, दुसऱ्यांनी खड्डा आधीच बघितला होता आणि ती ठेवायची आहे म्हणाले, त्यांना पैसे कमी करून दिले. तिसरीचे फोटो बदलले.

यापुढे पात्यावर ब्रश चालणार नाही. धूळ दिसली तर पातं पुसून पुन्हा फोटो काढायचा. पार्श्वभूमीवरचा कचरा काढेन, कारण तो तुम्ही विकत घेत नाही. प्रत्येक सुरीला एक फोटो ट्यूबलाइटखालचा, फोनवर काढलेला, काहीही न बदललेला असेल, आणि पातं तिरकं करतानाचा छोटा व्हिडिओ. ट्यूबलाइटखालच्या फोटोंचं काम झालंय, व्हिडिओंना महिना लागेल.

तुमच्यासाठी दोन पर्याय आहेत, निवड तुमची. पूर्ण ७,२०० रुपये आणि जाण्या-येण्याचं कुरिअर परत. सुरी आमच्याकडे आल्याची वाटही बघणार नाही, तुम्ही मेसेजवर हो म्हटलंत की त्याच दिवशी पैसे टाकते. किंवा दादा याच मापाचं दुसरं पातं देईल. ते भट्टीतून निघालंय, घासायचं बाकी आहे, आणि या वेळी घासून झाल्यावर, द्रावणातून काढल्यावर आणि मूठ बसवल्यावर असे तिन्ही टप्प्यांचे न बदललेले फोटो तुम्हाला आधी पाठवेन. पसंत पडलं तरच पुढे. मुलाचं कॉलेज सुरू व्हायच्या आत पोचेल अशा हिशोबाने त्याने दोन कामं मागे टाकली आहेत.

रिव्ह्यू काढू नका, तारेही वाढवू नका, अशी विनंती आहे. त्या सुरीच्या पानावर मी जुना फोटो आणि रॉ फाईलमधला फोटो शेजारी शेजारी लावले आहेत, चरा जिथे होता तिथे खूण करून. तुमचा रिव्ह्यू नसेल तर ते पान वाचणाऱ्याला कळणार नाही.

सुरी न्यायला कुरिअरचा माणूस गुरुवारी सकाळी येईल. धारेवर जाड पुठ्ठा दुमडून बसवा, टोकापाशी दोन वेढे चिकटपट्टीचे जास्त द्या, आणि पात्याला थोडं खोबरेल लावा, पावसाळा आहे.