सड्यावरची चित्रं, आल्बमधल्या गुहा आणि सातबारा

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच विषय पेटलाय, सड्यावरच्या, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळाच्या पठारावरच्या, कातळशिल्पांचं करायचं काय. राजापूरकडे चुलत्यांच्या जमिनीत जांभ्या दगडावर कोरलेल्या आकृत्या आहेत, मासे, एक मोठा पक्षी आणि बऱ्याच अशा रेघा ज्यांचा अर्थ अजून कोणाला लागलेला नाही. आम्ही लहानपणी त्याच कातळावर बसून करवंदं खायचो, तेव्हा कोणाला त्याचं काही विशेष वाटायचं नाही. मग २०२२ मध्ये कोकणातल्या ९ जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्या, त्यातल्या ७ रत्नागिरी जिल्ह्यातल्या, १ सिंधुदुर्गातली कुडोपीची आणि १ गोव्यातली, आणि पुढच्याच वर्षी बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं नि आंदोलन झालं. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस कोरलाय, ते चित्र तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. तेव्हापासून कातळशिल्प म्हटलं की लोक लगेच दोन बाजूंना उभे राहतात, विकास पाहिजे का वारसा पाहिजे.

आमची जागा त्या यादीत नाहीये, तरी दादाला धाकधूक आहेच. त्याचं म्हणणं साधं आहे, "उद्या सरकारी बोर्ड लागला की चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढायची खाण) बंद, कलमं लावायची नाहीत, खोली वाढवायची नाही, आणि फोटोवाले आमच्याच गडग्यावरून उड्या मारून येणार. आम्हाला काय मिळणार?" दादरची आत्या म्हणते, अरे हजारो वर्षांचा ठेवा आहे तो, पैशात काय मोजतोस. दोघंही मनापासून बोलतात. मला विचाराल तर आधी दादाच्या प्रश्नाला उत्तर मिळालं पाहिजे आणि मग आत्याचा मुद्दा आपोआप मार्गी लागेल, आणि हे माझं मत मी जिथे राहते तिथल्या गुहा बघून बनलंय.

मी दक्षिण जर्मनीत उल्मजवळ राहते. इथून जवळच श्वेबिशे आल्ब नावाचं चुनखडीचं पठार सुरू होतं, खेडीपाडी, मेंढरं, जंगल, आणि जमिनीखाली गुहाच गुहा. कोकणातल्या माणसाला हे पठार पटकन समजतं, कारण पाणी. आपल्याकडे पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात सड्यावरच्या वाड्यांना टँकर लागतो, जांभा पाणी धरत नाही. आल्बवर पण तेच व्हायचं, पडलेलं पाणी चुनखडीतून सरळ खाली जायचं, लोक छपरावरचं पाणी साठवून आणि गावतळ्यातलं गढूळ पाणी पिऊन दिवस काढायचे. १८७१ मध्ये युस्टिंगन गावात पहिल्यांदा दरीतलं पाणी पंपाने वर चढवलं गेलं. तेच खाली मुरलेलं पाणी लाखो वर्षं दगड विरघळवत राहिलं म्हणून गुहा झाल्या. व्हिम्सनला तर गुहेत नदीच आहे, होडीत बसून डोकं खाली वाकवून आत जावं लागतं. लाइखिंगनची गुहा उभी खोल आहे, विहिरीत उतरावं तसं लोखंडी शिड्यांवरून ५५ मीटर खाली जायचं. ती १८९२ मध्ये रेती काढणाऱ्या एका माणसाला सापडली, त्याने काढून ठेवलेल्या रेतीचा ढीग एका फटीतून खाली गायब व्हायला लागला म्हणून.

पण मला बोलायचंय ते शेल्कलिंगन गावातल्या होले फेल्स या गुहेबद्दल. बाहेरून बघितलं तर डोंगराच्या पायथ्याला एक जाळीचा दरवाजा, बस. आत बोगद्यासारखी अरुंद वाट, ऐन जुलैत स्वेटर लागेल इतका गारवा, आणि वाट संपली की एकदम देवळाच्या सभामंडपापेक्षा कितीतरी मोठी पोकळी. वाटेतच उत्खननाचा खड्डा आहे, त्यावर लोखंडी जाळीचा पूल टाकलाय, खाली वाळूच्या पिशव्या रचलेल्या आणि भिंतीच्या प्रत्येक थराला लेबलं टोचलेली. ट्युबिंगन विद्यापीठाचे लोक इथे उन्हाळ्यात खणतात, आणि खणतात म्हणजे चमच्या-चमच्याने, निघालेली माती बारीक चाळणीतून पाण्याने धुवून घेतात. २००८ मध्ये याच खड्ड्यात मॅमथच्या सुळ्यापासून कोरलेली बाईची छोटी मूर्ती तुकड्यांमध्ये सापडली, जेमतेम ६ सेंटिमीटर उंचीची, वय ३५ हजार वर्षांच्या वर. आणि त्याच वर्षी गिधाडाच्या हाडाची बासरी, बोटांसाठी ५ भोकं असलेली. माणसाने वाजवलेलं इतकं जुनं वाद्य जगात फार कुठे मिळालेलं नाही. २०१७ मध्ये आख आणि लोने या दोन दऱ्यांमधल्या मिळून ६ गुहा जागतिक वारसा झाल्या.

आता ही गुहा दाखवतं कोण? तर गावातली हौशी मंडळी, तिथल्या म्युझियम सोसायटीची. मला ज्यांनी गुहा दाखवली ते आजोबा आयुष्यभर जवळच्याच कारखान्यात नोकरी करून रिटायर झालेले, आणि ते त्या खड्ड्याबद्दल इतक्या आपुलकीने बोलत होते की जणू घरातलीच गोष्ट. लाइखिंगनची गुहासुद्धा गावाचंच मंडळ चालवतं. म्हणजे तिकीट घेणारा गावचा, किल्ली गावाकडे, कॉफी आणि केक विकणाऱ्या बायका गावच्या. सरकार आहे, विद्यापीठ आहे, कायदा आहे, पण रोज दरवाजा उघडणारा हात गावचा आहे. माझ्या मते सगळा फरक इथे पडतो. गावाला गुहा आपली वाटते कारण ती रोजच्या व्यवहारात त्यांची आहे.

दुसरी गोष्ट वटवाघळांची. जर्मनीच्या निसर्ग कायद्यात लिहिलंय की वटवाघळं जिथे हिवाळा काढतात त्या गुहांमध्ये १ ऑक्टोबर ते ३१ मार्च जायचं नाही, पर्यटनासाठी तयार केलेल्या काही जागांना सूट आहे, पण होले फेल्ससुद्धा हिवाळ्यात बंदच असते. कोणी म्हणत नाही की आम्ही लांबून आलो, जरा उघडा. आपल्याकडे गड असो, लेणी असो, बंद म्हटलं की लोकांना तो अपमान वाटतो. कोकणात हे खरं तर सोपं आहे, पावसाळ्यात सडा निसरडा असतो, शेवाळ धरतं, त्यानंतर रानफुलं येतात, तेव्हा जून ते सप्टेंबर शिल्पांवर कोणी पाय ठेवायचा नाही हे गावाने ठरवलं तर कोणाचं काय बिघडतं?

आणि ग्रुपवर मी जे सांगितलं आणि ज्यावर सगळे गप्प झाले ते हे, की शेल्कलिंगनमध्ये सिमेंटचा मोठा कारखाना आहे. होले फेल्सच्याच गावात. सिमेंटला चुनखडी लागते, म्हणजे खाण आलीच, आणि माझे गाइड आजोबा त्याच कारखान्यातून रिटायर झाले होते. वारसा आला म्हणून कारखान्याला टाळं लागलं नाही आणि कारखाना आहे म्हणून गुहा फोडली नाही. इथे विभागाचा नकाशा असतो, खाणकाम कुठे करायचं आणि कुठे हात लावायचा नाही हे त्यावर आधी आखलेलं असतं, त्यावर हरकती येतात, वर्षानुवर्षं घासाघीस होते, पण जेसीबी येतो तो नकाशानंतर. आपल्याकडे उलटं. आधी जेसीबी येतो, चिरे निघून जातात, मग कोणीतरी फोटो टाकतं की अरे इथे कातळशिल्प होतं. आणि जो चिरे काढतो त्याला तरी दोष काय द्यायचा, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं आणि त्याच्या सातबाऱ्यावर तसं काही लिहिलेलंही नव्हतं.

अर्थात आल्बमधलं सगळं उचलून राजापुरात ठेवता येणार नाही. गुहेला दरवाजा असतो, सड्याला नसतो. इथली मूर्ती ब्लाउबॉयरनच्या म्युझियममध्ये काचेत ठेवली, सुरक्षित झाली (गुहेत मात्र आता रिकामा खड्डाच बघायचा, ते मला अजून टोचतं). आपली चित्रं जमिनीतच आहेत, उघड्यावर, त्यावरून गुरं जातात, बाइक जातात, रस्ता जातो. कशेळीला १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलाय आणि त्याच्या पोटात कितीतरी छोटे प्राणी, तो कुठल्या काचेत ठेवणार? शिवाय जर्मनीकडे पैसा आहे आणि रिटायर माणसाला पुरेशी पेन्शन आहे, म्हणून तो फुकट गाइड होतो. आमच्या गावात कोणी फुकट का यावं, त्याने दिवसाची मजुरी बुडवून?

म्हणून मला वाटतं की कोकणात स्वयंसेवक नकोत, पगारी माणसं पाहिजेत. उक्षीला जमीनमालकाने जागा दिली आणि हत्तीच्या शिल्पाभोवती संरक्षक भिंत झाली, ही फार मोठ्या मनाची गोष्ट आहे, पण प्रत्येक शेतकऱ्याने मोठं मन दाखवावं अशी अपेक्षा धरून धोरण बनत नाही. ज्याच्या जमिनीत शिल्प आहे त्याला दरवर्षी भाडं मिळालं पाहिजे, लेखी, बँकेत. तिकीट ग्रामपंचायतीने लावावं. शिल्प आणि त्याच्या भोवतीची ठराविक जागा एवढीच मोजून राखीव ठेवावी आणि उरलेला सडा मोकळा आहे हे कागदावर द्यावं, कारण दादाची खरी भीती शिल्पाची नाहीच, एका पक्ष्यापायी सगळी जमीन अडकेल याची आहे. ही मोजणी करायला माहिती नाही असंही नाही, रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेच्या लोकांनी वर्षानुवर्षं उन्हातान्हात सडे पालथे घालून शिल्पं शोधलीत, नोंदवलीत.

"तिकडे बसून बोलायला काय जातंय," असं दादा म्हणाला, आणि त्यात तथ्य आहे, जमीन त्याची अडकणार आहे, माझी नाही. म्हणून तर मी आत्याच्या बाजूने न बोलता त्याच्या बाजूने बोलतेय. जी माणसं लांब राहतात, मुंबईत, पुण्यात, उल्ममध्ये, त्यांनी शेतकऱ्याला वारशाचं महत्त्व सांगण्याआधी त्या वारशाचा खर्च कोण उचलणार हे सांगावं. गणपतीत मी गावी जातेय, तेव्हा दादाबरोबर तलाठ्याकडे जाऊन त्या तुकड्याची मोजणी स्वखर्चाने मागवता येते का, एवढं आधी विचारून घेणार आहे.