०.१ मायक्रॉनची तहान

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. निसर्गाने हा हिशेब इतका सोपा ठेवलाय की त्यात पळवाट काढता येत नाही. तंबू हलका घेता येतो, स्लीपिंग बॅग हलकी घेता येते, वजन वाचवायला टूथब्रशची दांडी अर्धी कापणारे महाभागही मी पाहिलेत. हलकं पाणी मात्र अजून कुठल्याही कंपनीने काढलेलं नाही. चार-पाच दिवसांचं पाणी पाठीवर घेऊन रानात निघालेला माणूस पहिल्याच चढाला ओणवा होतो आणि पुढचा निसर्ग त्याला फक्त मुंग्यांच्या उंचीवरून दिसतो. म्हणून पाणी वाटेत लागेल तिथे भरायचं, आणि त्यासाठी सोबत फिल्टर घ्यायचा.

फिल्टर घ्यायचा, हे म्हणायला फार सोपं आहे. माझा बेत तेवढाच होता: एक गाळणी आणायची, पाणी गाळायचं, प्यायचं. पण हा बेत मी मेहुण्यासमोर बोललो. हा मुलगा कुठलीही वस्तू घेण्याआधी तिच्यावर प्रबंध लिहितो.

"दाजी, तुम्हाला फिल्टर हवाय की प्युरिफायर?"

"मला पाणी हवंय."

त्याने माझ्याकडे कणवेने पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. फिल्टर म्हणजे परजीवी आणि जिवाणू अडवणारा. प्युरिफायर म्हणजे त्यांच्या जोडीला विषाणूंनाही आवरणारा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८७ मध्ये प्युरिफायरची कसोटीच घालून दिली आहे: जिवाणू ९९.९९९९ टक्के गेले पाहिजेत, विषाणू ९९.९९ टक्के आणि परजीवींच्या पुटी, म्हणजे त्यांची कवचात बंद रूपं, ९९.९ टक्के. जाहिरातींमध्ये हे नऊ असे ओळीने उभे असतात, आणि ज्याचे नऊ जास्त तो श्रेष्ठ, अशी आपली समजूत होते.

"म्हणजे दहा लाख जिवाणूंमधला एकच सुटणार," मेहुणा अभिमानाने म्हणाला, जणू उरलेले त्याने स्वतः पकडले होते.

"आणि तो एक कोणाच्या वाट्याला?" आतून बायकोने विचारलं. यावर प्रबंधात काही नव्हतं.

मग मायक्रॉन सुरू झाले. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड. जियार्डिया नावाचा जो प्राणी पोटात शिरून मुक्काम ठोकतो, त्याची पुटी साधारण १० मायक्रॉनची. क्रिप्टोस्पोरिडियम या दुसऱ्या परजीवीची ४ ते ६. जिवाणू त्याहून बारीक, आणि काही विषाणू तर ०.०३ मायक्रॉनच्या आसपास. हातात मावणाऱ्या बहुतेक फिल्टरांची छिद्रं ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनची. म्हणजे जियार्डिया अडकणार, जिवाणू अडकणार, आणि विषाणू मधल्या मोकळ्या जागेतून आरामात चालत जाणार.

या जियार्डियाचा शोध मला फार आवडतो. सूक्ष्मदर्शकवाला लेवेनहूक याचं १६८१ मध्ये पोट बिघडलं. आपण अशा वेळी पांघरूण घेऊन पडतो. त्याने आपलाच ऐवज भिंगाखाली धरला आणि आत इकडेतिकडे पळणाऱ्या प्राण्यांचं वर्णन लिहून ठेवलं. विज्ञानासाठी माणसं काय काय करतात! जुलाबाच्या दिवशी मला साधी वहीसुद्धा उघडवत नाही.

विषाणूंचा शोध तर गाळणीच्या अपयशातूनच लागला. पाश्चरचा सहकारी शाम्बरलां याने १८८४ मध्ये बिनचकाकीच्या चिनीमातीचा फिल्टर केला. जिवाणू त्यातून जात नसत, म्हणून सगळे खूश. पुढे १८९२ मध्ये इवानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने तंबाखूच्या रोगट पानांचा रस त्यातून गाळला, आणि गाळलेला रसही निरोगी रोपांना रोगट करू लागला. गाळणीतून काहीतरी निसटतंय, हे असं कळलं. शास्त्रज्ञाच्या फिल्टरमधून काही निसटलं की विज्ञानाची नवी शाखा निघते. आपल्या फिल्टरमधून निसटलं की आपण झुडपाच्या दिशेने निघतो.

शेवटी व्यवहार जिंकला. माणसाला आजारी पाडणारे पोटाचे विषाणू मुख्यतः माणसाकडूनच पाण्यात येतात. जिथे वस्ती नाही, वर्दळ नाही, तिथे त्यांची धास्ती कमी. म्हणून पोकळ तंतूंचा, ०.१ मायक्रॉनचा, मुठीत मावणारा फिल्टर ठरला. आत बारीक नळ्यांचा जुडगा. नळ्यांच्या भिंतींना छिद्रं, पाणी भिंतीतून आत शिरतं आणि घाण बाहेर राहते. सोबत एक मळक्या पाण्याची पिशवी आणि फिल्टर उलटा धुवायला एक जाडजूड सिरिंज.

आमच्या गटात मात्र एकमत म्हणून कधी झालेलं नाही. ज्यांना सगळे काका म्हणतात ते उकळीवाले. "उकळलं की सगळं मेलं," हे त्यांचं तत्त्वज्ञान, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याविरुद्ध एकही मुद्दा टिकत नाही. एक मिनिट खळखळून उकळी, २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं, की परजीवी, जिवाणू, विषाणू सगळे गारद. फक्त इंधन संपतं, आणि ऐन उन्हात घसा कोरडा पडलेल्या माणसाच्या हाती वाफाळतं पाणी येतं. बायकोची एक मैत्रीण गोळीवाली. क्लोरीन डायऑक्साइडची गोळी टाकायची आणि वाट पाहायची. बहुतेक जंतूंना अर्धा तास पुरतो, क्रिप्टोस्पोरिडियमसाठी चार तास. ती पाणी पिते तेव्हा बाकीच्यांना पुढच्या मुक्कामावर पुन्हा तहान लागलेली असते. तरी आयोडीनपेक्षा हे बरं, कारण आयोडीनला क्रिप्टोस्पोरिडियम भीकच घालत नाही. चौथा गडी अतिनील दिव्यावाला. बाटलीत दिव्याची कांडी घालून दीड मिनिट ढवळायची, विषाणूंसकट सगळ्यांचा बंदोबस्त. पाणी स्वच्छ असलं आणि बॅटरी जिवंत असली तर. गढूळ पाण्यात जंतू गाळाच्या सावलीला बसतात आणि थंडीत बॅटरी मान टाकते, त्यामुळे हा गडी फार हवामान बघून तहानतो.

आता प्रत्यक्ष पाणी भरण्याकडे येऊ. फिल्टरची पिशवी जाहिरातीतल्या धबधब्याखाली दोन सेकंदांत टम्म भरते. आपल्या वाट्याला येतो तो घोट्याएवढ्या पाण्याचा ओढा. त्यात पिशवी आडवी धरली की तिचे दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात आणि आत शिरतं एक भांडंभर हवा आणि एक पान. उभी धरली तर तोंडच पाण्याच्या वर राहतं. दगडावर उकिडवं बसून, एका हाताने पिशवीचं तोंड फाकवून, दुसऱ्या हाताने कपाकपाने पाणी ओतायचं. तिसरा हात असता तर डास मारले असते.

पिशवी भरली की फिल्टर लावून पिळायची. नवा फिल्टर मिनिटाला लिटरभराहून जास्त पाणी देतो, असं खोक्यावर छापलेलं असतं आणि ते पहिल्या पिशवीपुरतं खरंही असतं. पुढे नळ्यांच्या छिद्रांत गाळ बसत जातो, धार बारीक होते, मग थेंब, मग विचारपूर्वक पडणारे थेंब. अशा वेळी माणूस जोर लावतो. जोर लावला की पिशवीची शिवण उसवते. शिवणीचं पाणी नेहमी तोंडावरच का उडतं आणि तोंड नेमकं तेव्हाच उघडं का असतं, यावर कोणी संशोधन केलेलं नाही. जोर न लावता फिल्टर उलटा धुवावा, हे खरं उत्तर. स्वच्छ पाणी सिरिंजमध्ये भरून स्वच्छ बाजूने दणकून मारायचं की गाळ उलटा बाहेर येतो. सिरिंज घरी सोडून येणारे लोक असतात, त्यांच्याशी मी लग्न केलेलं आहे. "ती एवढी मोठी सुई नसलेली सुई बॅगेत कशाला?" या प्रश्नाला निघायच्या गडबडीत पटेल असं उत्तर नसतं.

पाणी चिखलाळ असेल तर आधी भांड्यात निवळू द्यावं, वरचं पाणी रुमालातून गाळावं आणि मगच फिल्टरला दाखवावं. फिल्टरचं आयुष्य वाढतं. हे मी पिशवी पिळून मनगटं भरून आलेल्या माणसाच्या अधिकाराने सांगतोय.

आणि मग सोवळं. मळक्या पाण्याची पिशवी ओवळी, गाळलेल्या पाण्याची बाटली सोवळी. मळक्या पिशवीच्या आट्यांवर लोंबणारा एक थेंब जरी स्वच्छ बाटलीच्या तोंडावर पडला, तरी सगळी मेहनत बाटली. मेहुणा या बाबतीत कर्मठ. उजवा हात पिशवीचा, डावा हात बाटलीचा, टोपणं जमिनीवर टेकवायची नाहीत. एकदा काकांनी सहज म्हणून बाटलीचं टोपण ओल्या हाताने उचललं, तर त्याने ते त्यांच्याकडून काढून घेतलं, गाळलेल्या पाण्याने धुतलं आणि एका थेंबात विषाणूंची संख्या किती असू शकते यावर बोलत राहिला. काका शांतपणे चूल पेटवत होते.

रात्री नवा पेच. थंडीत फिल्टर गोठला की आतलं पाणी फुगतं आणि नळ्यांना तडे जातात. तडे बाहेरून दिसत नाहीत. फिल्टर दिसतो तसाच, धार उलट जरा बरी, आणि गाळण्याचं काम मात्र बंद. म्हणून एकदा भिजलेला फिल्टर कडाक्याच्या रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपायचं. आधी तो पिशवीत घट्ट बांधायचा, तरी तो कुठूनतरी गळतोच, आणि गळतो तो बरोबर पोटऱ्यांपाशी.

"माझे पाय गार लागले तर दूर सरकतोस," बायको अंधारात म्हणाली, "आणि त्या नळकांड्याला कुशीत घेतोस."

सकाळी पोटात जरा गुरगुरलं की सगळ्यांच्या नजरा फिल्टरकडे. वास्तविक जियार्डिया पोटात गेल्यावर त्रास सुरू व्हायला सहसा एक-दोन आठवडे लागतात. आदल्या संध्याकाळच्या पाण्यावर सकाळी आळ घेणं शास्त्राला धरून नाही. बऱ्याचदा दोषी असतात ते हात. मातीचे, न धुतलेले. सॅनिटायझर चोळून समाधान मिळतं, पण क्रिप्टोस्पोरिडियमवर त्याचा फारसा इलाज चालत नाही, त्याला साबण-पाणीच लागतं. हे सगळं मला ठाऊक आहे, आणि तरी दर सहलीनंतर पंधरा दिवस पोटातला प्रत्येक आवाज मी कान देऊन ऐकतो. फिल्टरने काम केलं याचा पुरावा काय, तर काहीच न होणं. पैसे देऊन इतकं कमी घडवून आणणारी दुसरी वस्तू माझ्याकडे नाही.

रात्रीच्या थंडीने फिल्टर गेला की राहिला, याची मात्र परीक्षा आहे. ओल्या नळ्यांच्या छिद्रांतून तोंडाच्या फुंकरीने हवा जात नाही. हवा आरपार गेली, बुडबुडे आले, तर समजायचं तडा गेलाय. मेहुण्याने फिल्टरचं मळकं टोक पाण्यात बुडवलं, स्वच्छ टोक तोंडात धरलं आणि लाल होईस्तोवर फुंकलं. एक बुडबुडा नाही. "पास!" तो धापा टाकत म्हणाला.

"आणि आता ती बाजू स्वच्छ राहिली का?" बायकोने विचारलं. मग सिरिंजची आठवण निघाली, आणि बायकोने विषय बदलला.

त्या दिवशी दुपारचं पाणी ज्या तळ्यावर भरायचं ठरलं होतं, त्यावर हिरवा-निळा रंग ओतल्यासारखी साय पसरली होती. निळं-हिरवं शेवाळ. आजवर एकमेकांच्या उपकरणांना नावं ठेवणारे सगळे तिथे पहिल्यांदा सारखेच निकामी ठरले. शेवाळाच्या पेशी फिल्टर अडवील, पण पाण्यात विरघळलेलं विष नाही. गोळीचा भरवसा नाही. दिव्याचा नाही. उकळलं तर पेशी फुटून विष आणखी बाहेर येणार. काका हातातली काडेपेटी खिशात ठेवताना मी तेव्हाच पाहिले. कोणी कोणाला काही म्हणालं नाही. निमूटपणे पुढे निघालो.

पुढचा ओढा यायला बराच वेळ लागला. स्वच्छ, खळाळता, थंडगार. पण तळ्याने सगळ्यांचा आत्मविश्वास असा खचवला होता की कोणाचाच आपल्या एकट्याच्या उपकरणावर विश्वास उरला नव्हता. तेव्हा पहिल्यांदाच आघाडी झाली. मी पिशवी पिळून पाणी गाळलं. त्यात गोळी पडली. चार तास थांबायचं का, यावर वाद झाला. क्रिप्टोस्पोरिडियम फिल्टरमध्येच अडकलाय, आता विषाणूंपुरता अर्धा तास पुरे, असा निवाडा मेहुण्याने दिला. अर्धा तास आम्ही वाहत्या ओढ्याकडे बघत तहानलेले बसलो. मग दिव्याची कांडी फिरली. मग काका म्हणाले, आपण २००० मीटरच्या वर आहोत, आणि तीन मिनिटं उकळी काढली. मग ते पाणी निवायची वाट पाहिली. त्या भांड्यात आता पाण्याखेरीज काही शिल्लक असेल असं वाटत नव्हतं, आणि वासावरून पाणीही पूर्ण शिल्लक असेल असं वाटत नव्हतं.

पहिला कप वडिलकीच्या मानाने माझा. मेहुण्याने तो माझ्या हातातून घेतला, आत डोकावून पाहिलं, तळाशी थोडी माती दिसली.

"थांबा दाजी," तो म्हणाला, आणि ओढ्यावर जाऊन त्याने माझा कप तीनदा स्वच्छ विसळून आणला.