मुलाचं नाव मुलीला चालतं, मग मुलीचं मुलाला का चालत नाही?

इंग्लिश नावांना अर्थबिर्थ काही नसतो, कानाला बरं वाटलं की ठेवून देतात, असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. ते साफ चूक आहे. आणि त्यातही जी नावं तिकडे मुलगा-मुलगी दोघांना चालतात, म्हणजे ॲश्ली, लेस्ली, एव्हलिन, किम, शर्ली, रॉबिन, जॉर्डन, टेलर वगैरे, त्यांच्यामागे तर एवढा इतिहास आहे की वाचायला बसलं की वेळेचं भान राहत नाही. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते, कारण यातली एक गोष्ट मला मनापासून खटकते आणि ती नीट मांडायची तर नावांच्या गोष्टी सांगाव्याच लागतील.

आपल्यातल्या बहुतेकांनी ही नावं पहिल्यांदा ऐकली ती क्रिकेटमुळे. कोर्टनी वॉल्श. व्हिव्हियन रिचर्ड्स. किम ह्यूज. ॲश्ली मॅलेट, जो 1969 ला इकडे येऊन आपल्या बॅट्समनना नाचवून गेला. आणखी मागच्या पिढीला विचारलंत तर लिंडसे हॅसेट. सगळे पुरुष, आणि कुणालाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. आज अमेरिकेतल्या एखाद्या शाळेच्या हजेरीपटावर यातलं कुठलंही नाव दिसलं तर नव्या शिक्षिकेची नजर आधी मुलींच्या बाकांकडे जाईल. आता डब्ल्यूपीएलमधे, म्हणजे बायकांच्या आयपीएलमधे, गुजरातकडून खेळणारी ॲश्ली गार्डनर बघा, स्पेलिंग थोडं वेगळं पण नाव तेच, देश तोच आणि मॅलेटसारखीच ऑफस्पिन टाकते. दोन पिढ्यांत एक नाव एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलं ते असं.

मुळात या नावांना स्त्री-पुरुष असं काही नव्हतंच. ॲश म्हणजे एक झाड, ज्याच्या लाकडाचे स्टंप बनवतात ते. आणि जुन्या इंग्लिशमधे शेवटच्या 'ली'चा अर्थ जंगल तोडून केलेली किंवा आपोआप राहिलेली मोकळी जागा. म्हणजे ॲश्ली हे एका जागेचं नाव, मग तिथे वसलेल्या गावाचं, मग त्या गावच्या माणसांचं आडनाव. आपल्याकडे गावाला कर लावून आडनाव पडतं तोच प्रकार. फरक एवढाच की सोळाव्या शतकापासून इंग्लंडच्या जमीनदार घराण्यांत आईच्या माहेरचं आडनाव मुलाला पहिलं नाव म्हणून द्यायची पद्धत सुरू झाली, म्हणजे ते घराणं, ती इस्टेट नावात तरी राहावी. इस्टेट मुलाला जाणार म्हणून नावही मुलाला. या नावांना 'पुरुषी'पणा आला तो इथून, अर्थातून नाही तर वारसाहक्कातून. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

शर्ली पण तसंच. तेही गावाचं नाव, तेही आडनाव. 1849 मधे शार्लट ब्राँटीची शर्ली नावाची कादंबरी आली, त्यातल्या नायिकेच्या आईवडलांना मुलगा हवा होता, झाली मुलगी, म्हणून त्यांनी मुलासाठी राखून ठेवलेलं घराण्याचं नाव तिला दिलं. वाचणाऱ्यांना तेव्हा ते नाव बाईला विचित्रच वाटलं असणार. पुढे 1930 च्या दशकात शर्ली टेंपल नावाची छोटी मुलगी हॉलिवूडची सगळ्यात मोठी स्टार झाली आणि मग शर्ली नावाचा मुलगा हुडकून सापडेना.

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट किम्बर्लीची आहे. तो किम ह्यूज, 1979 ला ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन म्हणून भारतात आला होता, त्याचं पूर्ण नाव किम्बर्ली जॉन ह्यूज. आता मूळ बघा. इंग्लंडमधे नॉरफकमधे किम्बर्ली नावाचं एक लहानसं गाव आहे आणि त्या नावाचा अर्थ किनेबुर्ग नावाच्या बाईची रानातली मोकळी जागा. हो, बाईची. नऊशे-हजार वर्षांपूर्वी ती कोण होती, कशी होती, काही माहीत नाही, पण जमीन तिच्या नावाने ओळखली जात होती. त्या भागात ज्यांची जहागीर त्या वूडहाउस घराण्यातल्या एकाला एकोणिसाव्या शतकात अर्ल ऑफ किम्बर्ली ही पदवी मिळाली. हे गृहस्थ ब्रिटिश सरकारात वसाहतमंत्री, नंतर भारतमंत्रीही होते. ते वसाहतमंत्री असताना 1873 मधे दक्षिण आफ्रिकेत हिऱ्यांच्या खाणींपाशी वाढलेल्या वस्तीला त्यांचं नाव दिलं गेलं. मग बोअर युद्ध, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या बोअर लोकांशी ब्रिटिशांचं, त्यात 1899 च्या ऑक्टोबरपासून 1900 च्या फेब्रुवारीपर्यंत किम्बर्ली शहराला वेढा, ब्रिटिश पेपरांत तीच बातमी, आणि वेढा उठल्यावर त्या आनंदात लोकांनी आपल्या मुलांची, म्हणजे मुलग्यांची, नावं किम्बर्ली ठेवली. युद्धातल्या विजयाची आठवण म्हणून. पन्नासएक वर्षांनी अमेरिकेत तेच नाव मुलींचं झालं आणि मुलग्यांचं जवळपास संपलं. एका बाईच्या नावाचं गाव, गावाचा लॉर्ड, लॉर्डाचं शहर, शहराची लढाई, लढाईवरून मुलगे आणि मग परत मुली. इतक्या हातांतून गेलेल्या नावाला कुणी 'हे मुलींचं' म्हणून ठणकावून सांगतं तेव्हा मला खरंच राग येतो.

एव्हलिनचं पण असंच आहे. फ्रान्सच्या नॉर्मंडीतले नॉर्मन लोक इंग्लंडमधे आले तेव्हा त्यांच्याबरोबर अव्हलीन हे बायकांचं नाव आलं. त्यावरून आडनाव झालं एव्हलिन. या आडनावाचं एक घराणं बंदुकीच्या दारूच्या कारखान्यांवर श्रीमंत झालं, त्यातला जॉन एव्हलिन सतराव्या शतकातल्या त्याच्या डायरीसाठी प्रसिद्ध आहे. मग आडनावाचं झालं मुलग्यांचं पहिलं नाव. लॉर्ड क्रोमर, ज्याने जवळजवळ पाव शतक इजिप्तवर हुकूम चालवला आणि त्याआधी कलकत्त्यात व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या वेळी अर्थखातं सांभाळलं, त्याचं नाव एव्हलिन बेअरिंग. एव्हलिन वॉ हा लेखक, 1928 मधे त्याने लग्न केलं त्या मुलीचं नावही एव्हलिनच, मित्रमंडळी दोघांना ही-एव्हलिन आणि शी-एव्हलिन म्हणायचे. त्या काळात एकाच घरात एकच नाव नवऱ्याला आणि बायकोला बिनबोभाट चालत होतं. आज एव्हलिन अमेरिकेत मुलींच्या पहिल्या दहा-बारा नावांत असतं, मुलाचं कुणी ठेवत नाही.

आता मला काय खटकतं ते. ही सगळी वाहतूक एकाच दिशेने आहे. मुलग्यांचं नाव मुलींना दिलं की लोक म्हणतात व्वा, किती मॉडर्न, किती स्ट्राँग नाव. पण त्या नावाच्या मुली जरा जास्त दिसायला लागल्या की मुलग्यांचे आईबाप ते नाव टाकून पळतात. मुलींना नाव मिळतं आणि त्याच वेळी ते नाव 'कमी' होतं. जेराल्ड फोर्ड, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, जन्मले 1913 मधे तेव्हा त्यांचं नाव होतं लेस्ली (सावत्र वडलांवरून पुढे बदललं). कॉमेडियन बॉब होपचं जन्मनाव लेस्ली. आपल्या हॉकीचे लेस्ली क्लॉडियस, तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं आणि एक रौप्य. आज अमेरिकेत कुठलं जोडपं मुलाचं नाव लेस्ली ठेवेल? नाव तेच आहे, स्कॉटलंडमधल्या एका गावाचं, अर्थ कणभर बदलला नाहीये. बदललं एवढंच की ते मुलींनी घेतलं.

यावर लोक म्हणतात अगं, शेवटी ली येतं ना, तो आवाजच नाजूक. मग स्टॅन्ली? ब्रॅडली? वेस्ली? तीच 'ली', त्याच मोकळ्या जागा, एक दगडांची, एक रुंद, एक पश्चिमेकडची. ती नावं मुलग्यांचीच राहिली, कुणाला नाजूक वाटली नाहीत. म्हणजे आवाजाचं कारण नंतर शोधलेलं आहे.

स्टॅन्ली लिबरसन नावाचे (योगायोगाने स्टॅन्लीच) हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदी घेऊन अशा नावांचा अभ्यास केला, तो 2000 मधे छापून आला. त्यांना दिसलं की मुलगा-मुलगी दोघांत विभागलेलं नाव फार काळ तसं राहत नाही, एका बाजूला कलतं. आणि त्यांनी त्याची तुलना केली ती अमेरिकेतल्या वस्त्यांशी, जिथे वेगळ्या वंशाची चार कुटुंबं राहायला आली की आधीचे हळूहळू घरं विकून जायला लागतात आणि मिश्र वस्ती मिश्र राहतच नाही, भले कितीतरी जणांना मिश्र वस्ती आवडत असली तरी. हे वाचल्यावर मला नावांची फॅशन ही निरागस गोष्ट वाटेनाशी झाली.

आणि उलटं कधीच होत नव्हतं असंही नाही हं. हॅमिल्टनच्या ड्यूकला 1709 मधे मुलगा झाला, राणी ॲन त्याची गॉडमदर, म्हणून मुलाचं नाव ठेवलं ॲन. लॉर्ड ॲन हॅमिल्टन. त्याच्या बापाला त्यात लाज वाटली नाही, मान वाटला, कारण नाव देणारी बाई गादीवर होती. त्याच्याही आधी, मध्ययुगात, इंग्लंडमधे मुलींची नावं फिलिप, निकोलस अशी असायची, लॅटिन दप्तरात कारकून फिलिपा, निकोला लिहायचे पण घरात हाक फिलिपच. म्हणजे आज जे युनिसेक्स म्हणून नवीन सांगितलं जातं ते तेव्हा रोजचं होतं.

अमेरिकेत बरेच आईबाप उघड सांगतात की मुलीला रायली, पार्कर, एव्हरी अशी नावं देतोय कारण पुढे नोकरीच्या अर्जावर बाई आहे हे लगेच कळू नये. (एव्हरी म्हणजे मूळचा आल्फ्रेडच बरं का, नॉर्मन तोंडात गेलेला.) मी त्या आईबापांना दोष देत नाही, मुलीचं भलं बघणार नाहीत तर काय करणार. पण मुलीला संधी मिळावी म्हणून तिचं मुलगी असणं कागदावरून पुसावं लागतं याला आपण मोकळेपणा म्हणायचं का? मी म्हणणार नाही. ज्या दिवशी एखादा बाप मुलाचं नाव बिनधास्त शर्ली ठेवेल त्या दिवशी म्हणेन.

आपल्याकडे हे थोडं बरं आहे असं मला वाटतं. किरण मोरे आणि किरण बेदी एकाच वेळी पेपरात असायचे. सुहास पळशीकर आणि सुहास जोशी. सांगली-कोल्हापूरकडे जैन घरांत शीतल नावाचे पुरुष भरपूर आहेत, दहावे तीर्थंकर शीतलनाथ, त्यांच्यावरून. त्यांना कुणी 'बायकी नाव' म्हणालेलं मी तरी तिकडे ऐकलं नाही, पुण्या-मुंबईत आल्यावर मात्र त्यांना ऐकावं लागतं. मला वाटतं आपली भाषाही इथे मदत करते. किरण आला की किरण आली हे पुढच्याच शब्दात कळतं, त्यामुळे सगळं ओझं नावावर पडत नाही. इंग्लिशमधे ॲश्ली केम म्हटलं की काहीच कळत नाही, मग लोक नावालाच धरून बसतात. आणि आपल्याच वसई, वांद्रे, गोव्यात ॲश्ली आणि लेस्ली नावाचे काका, दादा आजही आहेत, तिकडे अमेरिकेतली फॅशन पोचली नाही किंवा पोचली तरी त्यांनी घरातलं नाव सोडलं नाही. मला त्याचं फार कौतुक आहे.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे माझी एक मावसबहीण लीड्सला असते, नवरा इंग्लिश, पुढच्या महिन्यात बाळ येतंय आणि मुलगा झाला तर रॉबिन ठेवायचं दोघांच्या मनात आहे. नवऱ्याच्या अमेरिकेतल्या आत्याने लगेच नाट लावला की हे तर मुलींचं नाव, शाळेत चिडवतील. आणि आपल्या नाशिकच्या मंडळींनी ते ऐकून आत्याचीच बाजू घेतली! अमेरिकेत 1950-60 च्या सुमाराला रॉबिन नावाच्या मुली खूप झाल्या हे खरं आहे. पण रॉबिन हे रॉबर्टचं लाडाचं रूप, नॉर्मन काळापासूनचं, रॉबिन हूडचं, आणि तो लाल छातीचा पक्षी आहे ना त्यालाही माणसाच्या नावावरूनच रॉबिन म्हणायला लागले. मुलगी झाली तरी हेच ठेवा असं मी तिला म्हटलं, मुलगा झाला तर नक्की ठेवा, आणि आत्याला विचारून नाही, सांगून ठेवा. आपल्याकडचा रॉबिन सिंग, त्याचं खरं नाव रवींद्र रामनारायण सिंग, त्रिनिदादमधे जन्मलेला, तिथे त्याचं रॉबिन झालं. त्यामुळे नाशिकच्या मावशीला पाळण्यात रवींद्र म्हणायचं असेल तर खुशाल म्हणू दे, घरात हाक रॉबिनच मारायची.