उणे पाच अंशांत उघडी खिडकी

चीनच्या कोळशाचा विषय निघाला की बोलणं कारखाने आणि निर्यातीवर येऊन थांबतं. कारखाने जाळतात, वादच नाही. पण उत्तर चीनमधल्या बिल्डिंगांच्या भिंतींतून घरं तापवायला गरम पाण्याचे जे पाइप गेलेत, त्यांच्याकडे फारसं कोणी बघत नाही. कोळशाची उधळपट्टी समजून घ्यायची तर मी तिथून सुरुवात करेन.

आधी हवामान. बीजिंग आणि माद्रिद दोन्ही साधारण ४० अक्षांशावर. माद्रिदचं जानेवारीचं सरासरी तापमान ६ अंशांच्या आसपास, बीजिंगचं उणे ३. कारण हिवाळाभर सायबेरियावर हवेचा दाब जास्त असतो आणि तिथून कोरडे, गार वारे खाली उतरतात. ईशान्येतल्या हार्बिन शहरात तर २० ऑक्टोबर ते २० एप्रिल, म्हणजे अर्धं वर्ष घरं तापवावी लागतात. १९५० च्या दशकात सरकारने छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदी अशी रेघ धरली. रेघेच्या उत्तरेला सेंट्रल हीटिंग, म्हणजे एका ठिकाणी पाणी तापवून पाइपने घरोघरी फिरवायचं, दक्षिणेला नाही. शान्शी आणि इनर मंगोलिया या प्रांतांतला कोळसाही उत्तरेतच, त्यामुळे जाळायचं काय हा प्रश्नच आला नाही.

आता पाइप. जुन्या बिल्डिंगमध्ये ९५ अंशांचं पाणी थेट वरच्या मजल्यावर चढवतात. तिथून एकच उभी लाइन. सहाव्या मजल्याच्या रेडिएटरमधून (खोली तापवणारी, आतून गरम पाणी फिरणारी लोखंडी पेटी) निघालेलं पाणी पाचव्याच्या रेडिएटरमध्ये, तिथून चौथ्याच्या, असं करत खाली येईपर्यंत ते ७० वर येतं. तळमजल्याच्या खोलीत ठरलेले १८ अंश मिळावेत म्हणून पंप जोरात चालवतात, आणि वरचा माणूस उकडतंय म्हणून खिडकी उघडतो. बाहेर उणे पाच! त्याने रेडिएटर बंद का करू नये? कारण लाइन एकच. एकाने कॉक फिरवला की खालच्या सगळ्यांचं पाणी बंद. म्हणून कॉक ठेवलेलाच नाही. कॉक नाही तर मीटर लावून उपयोग काय, म्हणून बिल घराच्या चौरस मीटरवर. खिडकी उघडी असो की बंद, पैसे तेवढेच. शेतीपंपाला एचपीवर बिल असलं की वीज आल्याबरोबर पंप आपोआप चालू करणारे ऑटो स्विच का लागतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला वेगळं सांगायला नको.

२००३ पासून मीटरचा सरकारी आग्रह आहे, पण काम रखडलं, आणि त्याची कारणं अगदी मिस्त्री लोकांची आहेत. प्रत्येक रेडिएटरला पाणी बाजूने खाली जायला बायपास पाइप टाकून थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह, म्हणजे खोली तापली की आपोआप मिटणारा कॉक, बसवायचा. या व्हॉल्व्हचं तोंड अरुंद. जुन्या लाइनीतला गंज त्यात अडकतो, गाळणी वेळेवर साफ झाली नाही की रेडिएटर थंड पडतो. बरं, व्हॉल्व्ह बसले पण पंप जुनाच, एकाच स्पीडचा, तर बरेच व्हॉल्व्ह मिटले की दाब चढतो आणि पाइप शिट्ट्या मारतात. पंपही बदलावा लागतो. त्यात भिंती ३७ सेंटीमीटर विटेच्या, इन्सुलेशन शून्य. कोपऱ्यातल्या फ्लॅटला दोन बाहेरच्या भिंती, मीटरने त्याचं बिल फुगणार, आणि मधला शेजाऱ्यांच्या उबेवर फुकट राहणार. त्यामुळे आधी भिंतीला बाहेरून थर्माकोलचा थर, मग पंप, मग व्हॉल्व्ह, शेवटी मीटर. उलट्या क्रमाने गेलं की भांडणंच होतात.

हे गरम पाणी मोठ्या शहरांत बरंचसं वीजकेंद्रातून येतं. वाफेवर फिरून वीज काढणाऱ्या टर्बाइनच्या मधल्या टप्प्यावरून वाफ काढून पाणी तापवायचं, कागदावर उत्तम पद्धत. पण वाफ हवी तर टर्बाइन फिरलं पाहिजे, आणि फिरलं की वीज निघणारच, कोणाला हवी असो वा नसो. हिवाळ्याच्या रात्री थंडी जास्त, विजेची मागणी कमी, आणि ईशान्येत वाराही तेव्हाच जोरात. मग थांबवायचं कोणाला? पवनचक्क्यांना. २०१६ मध्ये देशात पवनऊर्जेची सुमारे १७ टक्के वीज अशी सोडून द्यावी लागली, वायव्येतल्या गान्सू प्रांतात ४३ टक्के. वीज बाहेर नेणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या होत्या, हेही त्यामागे होतंच.

त्यावर तोडगा म्हणून टर्बाइनच्या शेवटच्या सिलिंडरची, म्हणजे कमी दाबाच्या शेवटच्या भागाची, वाफ जवळजवळ बंद करतात. पाती तापू नयेत इतकीच सोडायची, बाकी सगळी हीटिंगला. वीज कमी निघते. पण थंड करायला पाण्याचे फवारे मारावे लागतात आणि त्याने पात्यांच्या कडा झिजतात. ईशान्येत कोळसा केंद्रांना वीज कमी काढल्याबद्दल पैसेही मिळतात, त्यात पवनचक्कीवाल्यांनाही वाटा उचलावा लागतो. मला हे उफराटं वाटतं. तेच पैसे आधी भिंती आणि कॉकवर घातले तर रात्री एवढी वाफ काढावीच लागणार नाही.