धुळवडीलाच रंग खेळायला लावणारा रेडिओ

मेन रोडवरच्या आमच्या साडीच्या दुकानात शटर वर गेलं की आधी उदबत्ती, मग रेडिओ. वडिलांपासूनची सवय. होळीच्या दुसऱ्या दिवशी रेडिओवरचा मुलगा जोरात ओरडला, "काय नाशिककर, रंगलात की नाही?" समोर बसलेल्या मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. आपल्याकडे रंग रंगपंचमीला. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा, तिथल्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद, त्या दिवशी उघडतात. हे शाळेतलं पोरही सांगेल. पण तो मुलगा नाशकात बसलेलाच नव्हता.

स्टेशनचं नाव घेत नाही. मालक बदलून काही वर्षं झाली. विकलं गेलं तेव्हा मीच म्हणालो होतो, आपल्याला काय, गाणी तर तीच लागणार!

फरक पहिल्यांदा कळला तो जाहिरातीत. आधी त्यांचा मार्केटिंगवाला दुकानात यायचा, चहा घ्यायचा, दहा सेकंदांच्या स्पॉटचा दर घासाघीस करून ठरायचा. लग्नसराईत आठ दिवस, दिवाळीआधी पंधरा दिवस, संपलं. नंतर फोन आला तो थेट पुण्याहून. एकटं नाशिक मिळणार नाही, चार शहरांचं पॅकेज घ्या. अहो, जळगावची बाई माझ्याकडे फॉल-पिको करायला येणार आहे का?

मला वाटलं, आता बाकीच्या स्टेशनांची चांदी. सुरुवातीला झालीही. माझ्यासारखे छोटे दुकानदार तिकडे वळले, आणि त्यांनी दर वाढवले. मग मात्र त्यांच्याही वरच्या हापिसात कोणीतरी वही उघडली असणार. समोरचा एका निवेदकावर चार शहरं चालवतोय, मग आपण इथे माणसं कशाला ठेवायची? आधी दुपारचा कार्यक्रम बाहेरून यायला लागला, मग रात्रीचा. आता स्थानिक म्हणावं असं सकाळचे काही तास.

यात गंमत अशी की खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, तेवढंच. सरकारच्या 2011 च्या एफएम धोरणाने मुभा दिली ती वाहतूक, हवामान, वीज-पाणी, परीक्षा-प्रवेश, गावातले उत्सव, आपत्तीच्या सूचना यांना. म्हणजे बोलायला मोकळीक आहे ती नेमकी गावातल्याच गोष्टींची, आणि स्टेशन विकलं की पहिली कात्री त्यांनाच. एका मालकाकडे शहरातले चाळीस टक्क्यांहून जास्त चॅनेल नकोत, हा नियम आहे. पण त्याच धोरणाने एक कार्यक्रम मालकाच्या स्वतःच्या देशभरातल्या सगळ्या स्टेशनांवर लावायची परवानगीही दिली. मालक किती, ते मोजलं जातं. माईकपुढचा माणूस कुठल्या गावात बसलाय, ते कोण विचारतो?

आता हे किरकोळ वाटेल. पण गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर येतो तेव्हा नाही वाटत. गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक सोडले, हे ऐकून आम्हाला काहीही कळत नाही. आम्हाला कळतं ते नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या भाषेत. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं. छाती म्हटलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले लोक खालचा माल वर चढवायला लागतात. 2019 च्या ऑगस्टमधला पूर आठवा. बाहेरगावी बसलेल्याच्या हातात क्युसेकचा कागद देता येईल, मारुती कसा देणार? आणि 2027 च्या सिंहस्थात कुठला पूल बंद, गाड्या कुठे लावायच्या, हेही तोच सांगणार का?

विकणाऱ्यालाही मी शिव्या देणार नाही. धंद्यात दम राहिलेला नाही, जाहिराती मोबाइलवर गेल्या. 2019 मध्ये रेडिओ सिटीवाल्यांनी बिग एफएम घ्यायचं ठरवलं होतं, आकडा 1,050 कोटींचा. व्यवहार फिसकटला, बिग एफएमची कंपनी दिवाळखोरीत गेली, शेवटी सॅफायर मीडियाने ती घेतली. एवढ्या मोठ्यांचं हे, तर नाशिकच्या स्टेशनचं काय घेऊन बसलात.

विकता न येणारंही आपल्याकडे एक आहे, रेडिओ विश्वास, 90.8. कम्युनिटी रेडिओचा परवाना दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. पण शक्ती सहसा शंभर वॉटपर्यंतच, त्यामुळे आवाज सगळीकडे पोचत नाही. दुकानातला काटा मी सध्या 101.4 वर, आकाशवाणीवर ठेवलाय. मुलगा म्हणतो, बाबा, गिऱ्हाईक पेंगतंय.

परवा रविवार कारंज्यावर भोंगा लावलेली एक रिक्षा चालली होती. कुठल्याशा फर्निचरच्या सेलची जाहिरात. आवाज ऐकला आणि थांबलोच. त्या विकल्या गेलेल्या स्टेशनवर सकाळी बोलायची तीच बाई. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, एकही नाव अडखळलं नाही. रिक्षावाल्याला थांबवून नंबर घेतला. दिवाळीची जाहिरात तिच्याकडूनच करून घेणार आहे, भोंग्यावर तर भोंग्यावर.