डोळ्यांची डाय टेस्ट आणि ‘विचार वाचणारं इंजेक्शन’

आत्याने डोळ्यांची अँजिओग्राफी रद्द केली. जुना मधुमेह, डॉक्टरांना डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याची शंका आलेली, आणि कारण काय, तर फॅमिली ग्रुपवरचा मेसेज: ‘चमकणाऱ्या डायच्या इंजेक्शनमधून मेंदूत प्रकाशाचे सेन्सर बसवतात, मग 5जी टॉवरवरून तुमचे विचार वाचतात. उंदरांवर प्रयोग यशस्वी.’

शेवटचं वाक्य, नाइलाजाने सांगतो, खरं आहे. 2019 मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत व्होल्ट्रॉन या सेन्सरवरचा शोधनिबंध आला. चेतापेशीच्या पटलात, म्हणजे तिच्या बाहेरच्या आवरणात, बसलेलं प्रथिन आणि त्याला चिकटलेला चमकणारा रंग. पेशीतला विद्युतदाब बदलला की चमक बदलते. गंमत म्हणजे स्पंद, म्हणजे पेशीचा क्षणिक विद्युत संकेत, आला की व्होल्ट्रॉन उजळत नाही, मंदावतो. आणि हो, रंग बाहेरून द्यावाच लागतो. मेसेजवाल्याने बहुधा एवढंच वाचलं.

‘इंजेक्शनमधून सेन्सर बसतो.’ इथे माझं डोकं फिरतं. नुसता रंग टोचून काहीही बसत नाही. आधी ते प्रथिन बनवणारं जनुक मेंदूतल्या पेशींत पोचवावं लागतं, बहुतेकदा विषाणूमार्फत. पेशींनी प्रथिन बनवलं, तरच रंगाला चिकटायला जागा मिळते. मग उंदराची कवटी कोरून काचेची खिडकी बसवायची, डोकं सूक्ष्मदर्शकाखाली घट्ट अडकवायचं आणि सेकंदाला शेकडो चित्रं घ्यायची, कारण एक स्पंद मिलिसेकंदभरात उरकतो. एवढ्या खटाटोपातून हाती काय आलं? काही डझन पेशींची नोंद, सलग 15 मिनिटं. माणसाच्या मेंदूत चेतापेशी आहेत सुमारे 8,600 कोटी. विचार कसले वाचताय!

आत्याला देणार होते ते फ्लुरेसीन, हे वेगळंच चमकणारं रंगद्रव्य. हाताच्या शिरेतून ते रक्तात जातं, डोळ्याच्या पडद्यावरच्या वाहिन्यांत चमकतं आणि कुठली वाहिनी पाझरतेय ते फोटोत दिसतं. त्यात जनुक नाही, विद्युतदाब ओळखणारं प्रथिन नाही. मूत्रपिंडं ते एक-दोन दिवसांत बाहेर टाकतात. तोवर लघवी पिवळीजर्द, कातडीही पिवळसर. काहींना मळमळतं, क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी येते, म्हणून आधीची कुठलीही अ‍ॅलर्जी डॉक्टरांना सांगायचीच. पण पाझर वेळेत सापडला नाही तर नजर जाऊ शकते, आणि गेलेली बरेचदा परत येत नाही. त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

राहिला 5जी टॉवर. उंदराच्या मेंदूतली चमक टिपायला जिथे कवटी कोरून भिंग डोक्याशी आणावं लागतं, तिथे चौकातला टॉवर काय दिवे लावणार?