पावडर, पनीर आणि उतरताना दुखणाऱ्या मांड्या

नमस्कार. प्रोटीन पावडरवरच्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्दे नेमके आहेत. महिनाभर रोज एक स्कूप घेऊनही पायांच्या व्यायामानंतर मांड्या तितक्याच दुखतात, म्हणजे पावडर ही निव्वळ फसवणूक, असं तुम्ही म्हणता. अर्ध्या तासात प्रोटीन पोटात गेलं नाही तर व्यायाम वाया, असं जिममधले सर सांगतात आणि लेखात ते खोडलंय. आणि लेखातल्या किलोमागे १.६ ग्रॅमच्या हिशेबाने ७० किलोच्या शाकाहारी माणसाने ११२ ग्रॅम प्रोटीन आणायचं कुठून, "नाशिकची मिसळ खाऊन का?"

आधी लेखातल्या दोन चुका. सोया चंक्समध्ये १०० ग्रॅममागे ५२ ग्रॅम प्रोटीन असतं, पण कोरड्या चंक्समध्ये. हे लिहायचं राहिलं; भिजलेले मोजले तर हिशेब पार कोलमडतो. दुसरं, किलोमागे १.६ ग्रॅम हे गाठायचंच लक्ष्य असल्यासारखं लिहिलं गेलं. २०१८ साली ४९ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, त्यात साधारण तिथून पुढे जादा प्रोटीनचा फायदा थांबतो असं दिसलं. त्याच तपासणीत पूरक प्रोटीनमुळे वाढलेला चरबीविरहित भार सरासरी किती? अवघा ३०० ग्रॅम. डब्यावरच्या दंडांच्या फोटोशी हा आकडा ताडून बघा.

आता मांड्या. स्क्वॉटमध्ये खाली बसताना स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी जोर लावत असतो. सवय नसली की दुखणं त्यातूनच येतं आणि २४ ते ७२ तासांत टिपेला जातं. नाशिकजवळच्या डोंगरावरची पांडवलेणी चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. या दुखण्यावर प्रोटीनचा परिणाम जवळपास नाहीच. प्रोटीन झीज भरायला माल पुरवतं, वेदना मारत नाही. त्यामुळे दुखण्यावरून पावडर जोखू नका. दोन-तीन महिन्यांनी बारवर किती वजन चढलं ते बघा. आठवडाभर दांडी मारून रविवारी एकदम पायांवर तुटून पडलात, तर कुठलाही डबा वाचवणार नाही.

अर्ध्या तासाचं म्हणाल, तर व्यायामानंतर स्नायूबांधणीचा वेग किमान २४ तास वाढलेला राहतो, त्यामुळे घड्याळ लावून बसायची गरज नाही. मात्र तुमच्या बाबतीत सरांचं थोडं बरोबर आहे. रात्री नऊला जेवून सकाळी सहाला जिम आणि नाश्ता थेट दहाला, म्हणजे तेरा तास पोट रिकामं. व्यायाम उरकल्यावर तासाभरात २०-२५ ग्रॅम प्रोटीन घ्या.

तुम्ही लिहिलेल्या जेवणाचा हिशेब मांडला. पोहे-चहा ७ ग्रॅम. डब्यातल्या तीन पोळ्या, वरण आणि भाजी मिळून १८. रात्री दोन बाजरीच्या भाकरी, पिठलं, थोडा भात, २२. झाले ४७. त्यात १०० ग्रॅम पनीर (१८), ३० ग्रॅम कोरडे सोया चंक्स (१५), ५० ग्रॅम फुटाणे (१०) आणि पेलाभर दूध (६-७) घाला. शंभरीच्या जवळ गेलात, म्हणजे किलोमागे १.४ ग्रॅम. पुरे झालं की! मिसळीचं म्हणाल तर प्लेटमध्ये ४० ग्रॅम कोरडी मटकी धरली तरी तिचं प्रोटीन ९ ग्रॅमच. बाकी तर्री आणि शेव. रविवारी खावी, हिशेबात धरू नये.

मग पावडर हवी कुणाला? ज्याला वजन उतरवायचंय त्याला. २४ ग्रॅम प्रोटीन व्हेच्या (दुधाच्या निवळीपासून केलेल्या पावडरीच्या) एका स्कूपमधून साधारण १२० कॅलरीत मिळतं. तेवढंच शेंगदाण्यातून घ्यायचं तर जवळपास १०० ग्रॅम दाणे आणि साडेपाचशे कॅलरी. आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये पावडरी टाळा म्हटलंय, तुम्ही तेही लिहिलंत. सर्वसामान्यांसाठी तो सल्ला योग्यच आहे. घरच्या ताटात भागत असेल तर डबा आणूच नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवायचं नाही, पावडरीतूनही नाही आणि पनीरमधूनही नाही.

डबा आधीच आणलाय, तर निदान तपासा. प्रोटीनचा आकडा बऱ्याचदा नायट्रोजन मोजून काढतात, म्हणून ग्लायसिन किंवा टॉरिन ही नायट्रोजन असलेली स्वस्त अमिनो आम्लं मिसळून तो फुगवता येतो. घटकांच्या यादीत ही नावं सुटी दिसली तर शंका घ्या. चांगल्या व्हेमध्ये २४ ग्रॅम प्रोटीनमागे ल्युसिन हे अमिनो आम्ल साधारण अडीच ग्रॅम असतं. स्कूप काट्यावर ठेवून मोजा. पावडर दबून बसलेली असली की तोच स्कूप पाच-सात ग्रॅम जास्त भरतो. शेकरमध्ये आधी गार पाणी, मग पावडर. उकळत्या दुधात टाकली की गुठळ्या होणारच. पोट फुगत असेल तर त्यातलं लॅक्टोज बाधतंय, आयसोलेट या जास्त शुद्ध केलेल्या व्हेमध्ये ते फार कमी असतं.

डब्यामागचा तक्ता इथेच उतरवून टाका, ल्युसिनचा आकडा बघून सांगता येईल.